गरिबाच्या सात पिढ्या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मला गरिबीवर बोलू द्या. एक कार्यकर्ता हसून म्हणाला, "काका, त्यात बोलायचं काय? ती तर आपल्याला पाठ आहे." खरं आहे. गरिबी आपल्याला पाठ आहे, पण समजलेली नाही. पाढा पाठ असतो म्हणून गणित येतं असं नाही. ती बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे कशी जाते, तिच्यात माणूस अडकतो कसा, हा हिशोब आज आपण मिळून करू. मी काही प्रोफेसर नाही. बारा वर्षांचा असताना शाळा सुटली, दहावी झालो ती रात्रशाळेतून, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. बाकीचं शिक्षण विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि गिरणीच्या खात्यातून झालं. म्हणून चुकलो तर सांभाळून घ्या.

आपल्यात एक म्हणण्याची पद्धत आहे की अमक्याकडे इतका पैसा आहे, त्याच्या सात पिढ्या बसून खातील. आता दुसरी बाजू ऐका. श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना म्हणून एक संस्था आहे. तिने २०१८ साली वेगवेगळ्या देशांचा एक अंदाज काढला. तळातल्या दहा टक्क्यांत जन्मलेल्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील? डेन्मार्कसाठी उत्तर आलं दोन आणि भारतासाठी आलं सात! म्हणजे श्रीमंताच्या सात पिढ्या बसून खातात, आणि गरिबाच्या सात पिढ्या राबून नुसत्या सरासरीपर्यंत पोचतात. तेही मध्ये कुणी आजारी पडलं नाही, गिरणी बंद झाली नाही, तर!

या सातांपैकी चार पिढ्या मी स्वतः पाहिलेल्या आहेत. त्यांचाच हिशोब मांडतो.

पहिली पिढी माझ्या आज्याची. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्याच्याकडे वतन होते. वतन म्हटले की वाटते मोठी जहागीर असेल. प्रत्यक्षात काय होते? जमिनीचा एक तुकडा, त्यात आठ घरांचे भाऊबंद वाटेकरी, आणि सुगीला खळ्यावर मिळणारे बलुते. त्याच्या बदल्यात येसकरकीची पाळी आली की रात्र नाही, दिवस नाही. सरकारी टपाल पोचवा, पाटलाचा सांगावा न्या, मेलेलं ढोर ओढा. आजा म्हणायचा, "भाकर तर मिळती ना!" बंधूंनो, सापळ्यातला तुकडा तो हाच. भाकरी इतकीच मिळायची की माणूस मरत नाही, आणि इतकी कधीच मिळायची नाही की माणूस गाव सोडून आपल्या पायावर उभा राहील. परमपूज्य बाबासाहेबांनी हे ओळखले होते. म्हणून १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. विरोध वरच्यांनी केला हे समजू शकतो, पण आपलीही काही माणसे वतन सोडायला घाबरत होती. त्यांना मूर्ख म्हणू नका. हातातली भाकरी सोडायला पोटात दुसरी असावी लागते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. तोवर आज्याचे आयुष्य संपत आले होते.

दुसरी पिढी बाबांची. बाबा १९६२ साली मुंबईला आले. जॉबरचा हात ओला करून गिरणीत लागले, तेही कताईच्या खात्यात. आपली बहुतेक माणसे कताईलाच का, असं मी त्यांना लहानपणी विचारलं होतं. त्याचे उत्तर मला पुढे पुस्तकात मिळाले. गिरणीत पगार चांगला विणाई खात्यात, साच्यावर. पण धोट्यातल्या नळीचा धागा संपला की नव्या नळीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसे लावायचे? म्हणून विणाई खाते आपल्याला बंद! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. कामगारांची एकजूट म्हणता, तर मग हे दार आधी उघडा, असा त्यांचा सवाल होता.

आता कुणी म्हणेल, हे जुने झाले. पुढे घटना आली, अस्पृश्यता गुन्हा ठरली. बरोबर आहे. बाबांना विणाई खात्यात जायला कायद्याने कुणी अडवले नसते. पण खात्यात माणूस भरायचा तो जॉबरच्या ओळखीने, आणि ओळख कुणाची? ज्याचा बाप, चुलता, मेहुणा आधीच त्या खात्यात आहे त्याची! ज्यांना तीस-चाळीस वर्षे आत येऊ दिले नाही, त्यांचा चुलता आत असणार कुठून? म्हणजे बघा, कडी काढली तरी दार उघडत नाही. मागच्या पिढीवर झालेला अन्याय पुढच्या पिढीत 'ओळख नाही' या साध्या नावाने चालू राहतो. त्याला मग कुणी अन्याय म्हणत नाही, नशीब म्हणतात.

१८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी सातवीत होतो. पहिले दोन महिने उत्साह होता. मग घरातली पितळेची भांडी गेली, मग आईचे डोरले गेले, आणि शेवटी बाबांनी व्याजी माणसाकडून तीन हजार रुपये काढले. दर शेकडा दहा, महिन्याला. म्हणजे महिन्याचे व्याजच तीनशे रुपये. मी शाळा सोडून चहाच्या टपरीवर लागलो. संपानंतर बाबांना पुन्हा कामावर घेतले, पण व्याज काही संपावर गेले नव्हते! कधी भरले, कधी थकले, थकलेले मुद्दलात चढले. १९८९ साली मी बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, आणि माझा पहिला पगार बाबांनी माझ्यासमोर त्या माणसाच्या हातात ठेवला. कर्ज काढले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. फेडले मी. जमीन वारशाने मिळते हे सगळ्यांना माहीत असते. आम्हाला वारशाने व्याज मिळाले.

तथागतांनी ही साखळी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे. अंगुत्तर निकायात इण सुत्त आहे. इण म्हणजे ऋण. भगवान भिक्खूंना एकेक पायरी विचारीत जातात. संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःख आहे ना? दरिद्री माणूस ऋण काढतो, तेही दुःख. ऋणावर व्याज चढते, तेही दुःख. व्याज थकले की तगादा, तगादा चुकवला की पाठलाग, आणि शेवटी बंधन. पुढे भगवान हाच दाखला शीलाने दरिद्री असलेल्या माणसाला लावतात, तो भाग भंतेजी माझ्यापेक्षा चांगला सांगतील. मी एवढेच म्हणतो की यात कुठेही गेल्या जन्मीचे पाप नाही. एका कारणातून दुसरे निघते, एवढेच आहे. गरिबी गेल्या जन्मीच्या कर्माने येते या शिकवणुकीवर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कडक टीका केली आहे. कारण गरिबाला त्याच्या गरिबीचा गुन्हेगार ठरवले की बाकी सगळे सुटतात.

तिसरी पिढी माझी. इथे मला थोडे कबुलीचे बोलायचे आहे. आमची मंडळी समोर बसलेली आहे, मुलगा बाहेर गेटपाशी उभा आहे. दोघांना विचारूनच बोलतो आहे.

२०११ साली गावी आईच्या मांडीचे हाड मोडले. रात्रीच खासगी दवाखान्यात न्यावे लागले. मी वीस हजार काढले, पुन्हा शेकडा दहानेच. महिन्याला दोन हजार व्याज. चौदा महिन्यांत मी अठ्ठावीस हजार भरले. आणि मुद्दल किती राहिले? वीस हजार! चौथीतल्या पोराला सांगितले तर तो म्हणेल, काका तुम्हाला गणित येत नाही. गणित येत होते. पण वीस हजार एकदम भरायला कधीच नसतात, दोन हजार मात्र दर महिन्याला कुठून तरी उभे राहतात. म्हणून गरीब माणूस जास्त पैसे भरतो. तेलाचे तसेच, जो डबा घेतो त्याला स्वस्त आणि जो रोज पावशेर घेतो त्याला महाग. एकदम पैसा नसणे याचा दंड गरिबाला रोज भरावा लागतो.

२०१२ साली मुलगा बारावी पास झाला. इंजिनिअरिंगला नंबर लागत होता. सवलतीत प्रवेश घ्यायचा तर जात पडताळणी पाहिजे, आणि पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा पाहिजे. आजा-पणजाचा शाळेचा दाखला असेल तर काम सोपे. पण माझ्या आज्याला शाळेत बसू कुणी दिलं होतं? ज्याला शाळेबाहेर ठेवले त्याच्याच नातवाच्या मुलाकडे शाळेचा दाखला मागतात! गावच्या दप्तरातून नक्कल काढून आणीपर्यंत तारीख जवळ आली. कॉलेज म्हणाले, तूर्त सतरा हजार भरा, पडताळणी आली की परत मिळतील. माझ्या हातात त्या आठवड्यात पगार होता, आणि व्याजी माणसाचे दोन हप्ते थकले होते. तो दारात येऊन आमच्या मंडळींना वाटेल ते बोलून गेला होता. कॉलेज काही दारात येऊन शिव्या देत नाही. मी पैसे व्याजी माणसाला दिले. बाकीचे जमवतो म्हणालो, जमले नाहीत, तारीख गेली. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या पप्पा, पुढच्या वर्षी बघू." पुढचे वर्ष आलेच नाही. आज तो मोटरसायकलवर लोकांची पार्सले पोचवतो. प्रामाणिकपणे पोचवतो, मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच्याकडे पाहिले की मला ती तारीख आठवते.

आणि आता जे सांगतो ते याआधी कुणाला सांगितलेले नाही. त्या वर्षी मी याच विहाराचा खजिनदार होतो. जयंतीचे शिल्लक बावीस हजार रुपये माझ्याच घरी, समितीच्या पेटीत होते. मी त्याला हात लावला नाही, ते बरोबरच केलं. पण मी समितीपुढे तोंडही उघडलं नाही. दुसऱ्यांना एकीचे, मदतीचे धडे देणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःसाठी मागायचं कसं, ही लाज. गरिबीचा शेवटचा फास दुसरं कुणी घालत नाही, तो ही लाज घालते. शेजारच्या खोलीतही तेच चाललेले असते. दोघेही दार लावून आत रडतात, आणि बाहेर म्हणतात, "आमचं काय, मजेत!"

मग कुणी म्हणतो, दारू सोडा, आळस सोडा, गरिबी जाईल. दारूने आपली घरे बुडाली हे खरे आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी धन नासण्याचे मार्ग मोजताना पहिला नंबर दारूलाच दिला आहे. तिथेच त्यांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे: एक खाण्यापिण्याला, दोन कामधंद्याला, आणि चौथा अडचणीसाठी राखून. हा उपदेश पाळलाच पाहिजे. पण चार भाग करण्याइतकी मिळकत तर हातात यावी लागते. आणि आणखी एक बघा. चुका श्रीमंताची पोरेही करतात. पैसेवाल्याचा मुलगा नापास झाला तर त्याचे एक वर्ष जाते. आपला नापास झाला तर त्याची शाळा जाते. तीच चूक, पण एकाला ती एका वर्षाची पडते, दुसऱ्याला दोन पिढ्यांची. गरिबी म्हणजे चूक करायला जागा नसणे.

यातून सुटका आहे की नाही? आहे. आणि ती कशी, याचा एक दाखला माझ्या वाचनात आला तो सांगतो. बांगलादेशात ब्रॅक म्हणून मोठी संस्था आहे. तिने खेड्यातल्या अतिशय गरीब बायकांना गाई दिल्या, सांभाळण्याचे शिक्षण दिले, आणि अभ्यासकांनी २००७ पासून अकरा वर्षे या घरांवर नजर ठेवली. निष्कर्ष काय? ज्या घरांची गाईसकट एकूण मत्ता एका ठराविक रेषेच्या वर गेली, ती घरे त्यानंतर स्वतःच्या बळावर वर चढत गेली. जी रेषेच्या थोडी खाली राहिली, ती हळूहळू पुन्हा होती तिथे घसरली. बाया त्याच, कष्ट तेच. फरक रेषेचा. चढावर हातगाडी ढकलणाऱ्याला हे सांगायला नको. माथ्याच्या हातभर अलीकडे सोडली तर गाडी तिथे थांबत नाही, पार खाली येते. म्हणजे थोडी-थोडी मदत वर्षानुवर्षे करीत राहण्यापेक्षा एका घराला एकदा पुरेशी मदत करून माथ्यापलीकडे नेणे जास्त कामाचे.

दीघ निकायातल्या कूटदन्त सुत्तात हेच आहे. राजा महाविजिताला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो, राज्यात चोऱ्यामाऱ्या आहेत. नुसत्या शिक्षेने त्या थांबणार नाहीत. शेती करतो त्याला बी-बियाणे दे, व्यापार करतो त्याला भांडवल दे, चाकरी करतो त्याला पोटापुरते वेतन दे. भीक दे असे म्हटलेले नाही. भांडवल दे म्हटले आहे. आणि हे काम राजाचे आहे. बाबासाहेब १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना हेच दाखवतात की नुसते तुकडे जोडून भागणार नाही, कारण मूळ दुखणे भांडवलाच्या अभावाचे आणि बिनकामाच्या हातांचे आहे. म्हणून सरकारी जबाबदारी आपण सोडायची नाही. कंत्राटी पद्धत, शिष्यवृत्तीचा उशीर, रिकाम्या जागा, यासाठी संघटना आणि मोर्चे लागतीलच. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या १९९० साली. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी! तेवढ्यात दीड पिढी गेली. न मागता काही मिळत नाही. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले असताना २०१२ च्या सोडतीत सात हजारही घरे नव्हती. तीही लढ्याशिवाय मिळाली नसती.

पण सरकार देईल तेव्हा देईल. आजच्या आज या चार भिंतींत आपण काय करू शकतो? समितीपुढे मी तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, सहाय्य निधी. आपल्या वर्गणीच्या वहीत एकशेवीस घरे आहेत. घरटी महिन्याला शंभर रुपये धरले तर वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार होतात. त्यातून बिनव्याजी उसने, फक्त तीन कारणांसाठी: दवाखाना, मयत आणि फी. द्यायचे तर अडचण पुरती निघेल इतके द्यायचे, दोन-दोन हजारांचे तुकडे करायचे नाहीत. आणि कुणाला दिले हे फळ्यावर लिहायचे नाही. जयंती करू नका असे मी म्हणत नाही. जयंती जोरात करू. पण डीजेची एक रात्र कमी केली तर एका मुलाची फी निघते, एवढा हिशोब माझ्यासारख्या जुन्या खजिनदाराला मांडू द्या.

दुसरी, कागदपत्रे. मूल दहावीला गेले की त्याच रविवारी जातीच्या दाखल्याच्या आणि पडताळणीच्या कामाला लागायचे, बारावीच्या निकालाची वाट पाहायची नाही. ज्यांची कामे झाली आहेत त्यांनी दर रविवारी एक तास इथे बसावे आणि दुसऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. ओळख नाही म्हणून आपण मागे राहिलो. तर आता आपणच एकमेकांची ओळख होऊ.

तिसरी, वरच्या खोलीत अभ्यासिका. रात्री अकरापर्यंत दिवा आणि पंखा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत अभ्यास होत नाही, हे रात्रशाळेत शिकलेल्या माणसाला विचारा. आणि मुलींना आधी जागा.

आमच्या गिरणीची चाके २०२० साली थांबली. भोंगा आता वाजत नाही. माझी नात सहा वर्षांची आहे, ती पाचवी पिढी. परवा तिने मला विचारलं, "आजोबा, भोंगा म्हणजे काय?" मी सांगितलं. मग तिने विचारलं, "व्याज म्हणजे काय?" कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असणार. मी गप्प बसलो. भोंग्यासारखंच व्याजसुद्धा तिला नुसतं गोष्टीत सांगता यावं, एवढीच माझी इच्छा आहे. सात पिढ्यांचा हिशोब पाचव्या पिढीत संपवता येतो का, ते आपण मिळून बघू. पहिले शंभर रुपये मी आज अध्यक्षांच्या हातात देतो, आणि वही पुढे करतो.



जयभीम! नमो बुद्धाय!